कुत्र्यांच्या झुंजी: तक्रार करायची तर नेमकी कशाची?

तळोजा_फेज_टू

झुंजींच्या रील्स आता सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पोचल्या आहेत. दोन पिटबुल किंवा बुली कुत्ता, भोवती मोबाईल उगारून उभी पोरं, मागे पत्र्याची भिंत. खाली कमेंटी ठरलेल्या: "कुत्रेच ते, भांडणारच", "बघवत नसेल तर पुढे सरका".

माझं म्हणणं, यात कुत्र्याच्या स्वभावाचा भाग फार थोडा. रस्त्यावर दोन कुत्री भिडतात तेव्हा दात दाखवणं, गुरगुरणं, एखादा चावा, आणि हरलेलं शेपूट घालून पळतं. भांडण तिथे संपतं. भरवलेल्या झुंजीत पहिल्यांदा काय करतात, तर पळायची वाट बंद करतात. कुत्रं हरलं हे माणूस ठरवणार, आणि त्यावर पैसे लागलेले असल्यामुळे तो ते लवकर ठरवत नाही. क्रौर्य आहे ते इथे.

प्रश्न तीन. तक्रार कोणत्या कलमाखाली करायची? शीळफाटा-तळोजा-पनवेल या पट्ट्यात कुठल्या पोलीस ठाण्यात? आणि कुत्री ताब्यात घेतली तर ती ठेवतात कुठे?

कृपया तपशील द्या. "कठोर कारवाई झाली पाहिजे" एवढंच लिहायचं असेल तर ते धरून चाललोय.

बाष्कळ_बंडू

कठोर कारवाई झाली पाहिजे.

(राहवलं नाही.)

काळा_डगला

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक तक्रारी चुकीच्या पोटकलमावर अडकतात.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०. त्यात कलम ११(१) खाली दोन पोटकलमं झुंजीला लागतात. (एम) म्हणतं, केवळ मनोरंजनासाठी प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी लढायला चिथावणं हा गुन्हा. (एन) म्हणतं, झुंजीसाठी जागा भरवणं, चालवणं, वापरायला देणं किंवा तिथे आत सोडण्याचे पैसे घेणं हा गुन्हा.

वाचायला दोन्ही सारखीच वाटतात. पण कलम ३१ बघा. त्यात दखलपात्र गुन्ह्यांची यादी आहे आणि तीत (एल), (एन), (ओ) आणि कलम १२ आहेत. (एम) नाही. म्हणजे "अमक्याने कुत्री लढवली" असं लिहून दिलंत तर ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र नोंद) करून मोकळा होईल, आणि पुढे तपास करायचा तर दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. तेच "अमक्या गाळ्यात झुंजी भरवतात, गाळा अमक्याच्या ताब्यात आहे, आत जायचे माणशी इतके घेतात" असं लिहिलंत तर (एन) लागतं आणि पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात.

शिवाय (एम) मधल्या "केवळ मनोरंजनासाठी" या शब्दांवर बचावाचा वकील खेळतो. मनोरंजन नव्हतं साहेब, ब्रीडिंगआधी कुत्र्याचा दम बघत होतो. (एन) मध्ये ती पळवाट नाही.

तेव्हा कुत्र्यांबद्दल एक परिच्छेद आणि जागा व पैसा यांबद्दल तीन, असं प्रमाण ठेवा.

घणसोलीचा_गणू

आणि गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा किती?

काळा_डगला

पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

घणसोलीचा_गणू

पन्नास रुपये!! वाशी स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि कटिंग घेतलं की दंड भरल्यासारखंच झालं.

बाष्कळ_बंडू

जीएसटी धरून का?

नेरुळची_नर्मदा

हसण्यावारी नेऊ नका रे. दंडाचे आकडे कित्येक दशकं इतकेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराजा (जल्लिकट्टू) निकालात शिक्षा वाढवायला संसदेला सांगितलं. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी काढला, त्यात भीषण क्रौर्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. मसुद्याचा कायदा झाला नाही.

@काळा_डगला, निव्वळ या कायद्यावर कोण घाबरणार? आणखी काय जोडता येतं ते सांगा.

काळा_डगला

ताई, तिकडेच येत होतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५: प्राण्याला मारणं, विष देणं, पंगू किंवा निरुपयोगी करणं. पाच वर्षांपर्यंत. जुन्या ४२८ आणि ४२९ ची जागा याने घेतली.

कलम ११२: टोळीने केलेले छोटे संघटित गुन्हे. त्यात बेकायदा सट्टा आणि जुगार स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहेत. एक ते सात वर्षं. झुंजीवर पैसे लागत असतील आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा भरवत असतील, तर तपास अधिकाऱ्याचं लक्ष याकडे वेधायला हवं.

महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७, कलम १२: रस्त्यात किंवा लोकांना येण्याजोग्या जागी पक्षी-प्राणी लढवणाऱ्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. तिथे हजर राहून मदत करणाराही त्यात येतो. म्हणजे रिंगणाभोवती उभं राहून कुत्र्याला चेव आणणारा "मी फक्त बघत होतो" म्हणून सुटेलच असं नाही.

दुसरी_बाजू

३२५ वर एवढी भिस्त ठेवू नका. त्या कलमाचा पाया आगळीक, म्हणजे कुणाचं तरी नुकसान करायचा हेतू. आपलंच कुत्रं आपण लढवलं, दुसऱ्याचं त्याने लढवलं, दोघेही राजीखुशी. नुकसान कुणाचं झालं? हा युक्तिवाद होतोच. स्वतःच्या मालमत्तेबाबतही आगळीक होऊ शकते असं कायद्याचं स्पष्टीकरण सांगतं, पण हेतू सिद्ध करणं उरतंच. चोरलेलं पाळीव कुत्रं सरावासाठी वापरलं असेल तर मात्र हा प्रश्न राहत नाही, चोरीचं कलमही लागतं. म्हणून परिसरात कुत्री चोरीला गेल्याच्या तक्रारी असतील तर त्यांचे नंबर अर्जात घाला.

जुगाराच्या १२ चीही अडचण आहे. कुलूपबंद खासगी गाळा "लोकांना येण्याजोगी जागा" ठरेल का? पैसे घेऊन कुणालाही आत सोडत असतील तर ठरेल असं म्हणता येतं. निमंत्रितांनाच सोडत असतील तर भांडावं लागेल.

काळा_डगला

मान्य. म्हणूनच (एन) हा कणा, बाकीची कलमं जोडीला.

एक राहिलं, आणि सगळ्यात जास्त घात तेच करतं. कलम ३६: या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. गेल्या दिवाळीचा व्हिडिओ यंदाच्या पावसाळ्यात घेऊन गेलात तर (एम), (एन) दोन्ही गेली.

शंकासुर

थोडं उलटं बोलतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. मग गरीबाच्या पोराने कुत्रं लढवलं की लगेच क्रौर्य? परंपरा फक्त बैलवाल्यांचीच का?

नेरुळची_नर्मदा

बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात वेगळी दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. ती दुरुस्ती शर्यतीपुरती आहे आणि अटींसकट आहे. कुत्री, कोंबडे, एडके, रेडे यांच्या झुंजी तिच्यात येत नाहीत. कोकणातल्या रेड्यांच्या टकरीही नाहीत.

परंपरा म्हणाल तर पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात बैलावर सोडायला पैदा केलेले. तिथे १८३५ मध्ये असले सगळे खेळ कायद्याने बंद झाले. बैल लपवता येत नाही, कुत्री लपवता येतात, म्हणून शौकीन तळघरांत शिरले आणि कुत्र्यावर कुत्रं सोडू लागले. ही परंपरा आपल्याकडे आली कुठून, तर ब्रीडरच्या जाहिरातीतून. आणि गरीबाच्या पोराचं म्हणाल, तर तसल्या कुत्र्याच्या पिल्लाचा भाव विचारून बघा.

शंकासुर

बरं. रेड्यांवर वेगळा धागा काढतो.

बाष्कळ_बंडू

पॉपकॉर्न तेव्हा फोडतो.

डॉ_रवंथ

वैद्यकीय बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो. हे वाचून कुत्रं झुंजीतलं आहे की गल्लीतल्या भांडणातलं, याचा अंदाज यावा. सिद्ध करणं हे पशुवैद्यकाच्या लेखी अहवालाचं काम.

गल्लीतल्या भांडणात जखमा विखुरलेल्या असतात. कानाचं टोक, मागचा पाय, शेपटीचं मूळ, कारण पळणाऱ्याला मागून चावतात. झुंजीत दोघं समोरासमोर कोंडलेले असतात. त्यामुळे जखमा तोंड, गळा, छाती आणि पुढच्या पायांवर दाटलेल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या वेगवेगळ्या वयाच्या असतात: एक ताजी, एक खपली धरलेली, एक पांढरा व्रण झालेली. एकाच भांडणात असं होत नाही. जोडीला तुटलेले सुळे, मुळापासून कापलेले कान (डॉक्टरने कापलेले असतील तर कडा सरळ असते, घरी कात्रीने कापलेले वेडेवाकडे), आणि शिवणाच्या दोऱ्याने किंवा स्टेपलरने मिटवलेल्या जखमा. डॉक्टरकडे नेलं तर प्रश्न विचारले जातील, म्हणून हे घरचे उद्योग.

बाहेरून दिसतं त्यावर जाऊ नका. सुळा आत शिरतो, पकड धरून कुत्रं डोकं झटकतं, आणि कातडीखाली स्नायू फाटून मोकळी पोकळी होते. वर दोन भोकं, आत तळहाताएवढी जागा, तिच्यात रक्त आणि जंतू. अशी जखम वरून शिवून टाकली की दोन-तीन दिवसांत पू धरते. म्हणून डॉक्टर ती बऱ्याचदा उघडी ठेवतात किंवा निचऱ्यासाठी नळी घालतात. झुंजीतली बरीच कुत्री रिंगणात मरत नाहीत. नंतर काही तासांनी किंवा दिवसांनी मरतात, रक्तस्रावाने, शॉकने, पाणी कमी पडल्याने, जंतुसंसर्गाने. "आमचं कुत्रं जिंकलं" म्हणणाऱ्याचंही.

असं कुत्रं समोर आलं तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं सलग दाब, मध्ये उचलून बघायचं नाही. हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. हिरड्या पांढुरक्या आणि पाय गार असतील तर तो शॉक, तिथे जखम धुण्यात वेळ घालवू नका, गाडीत घाला. वेळ असेल तर सलाईनच्या पाण्याने धुवा. हळद, चुना, डिझेल यांतलं काही नको. माणसांच्या गोळ्या अजिबात नको, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला विष आहे. छातीवरच्या भोकातून हवेचा आवाज येत असेल तर त्यावर ओलं गॉझ दाबून धरा. गळ्याला पट्टी घट्ट गुंडाळू नका, सूज आली की श्वास कोंडतो.

जवळ काही मिळालं नाही तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पण ठाण्याहून किंवा तळोज्याहून तेवढा प्रवास शॉकमधल्या कुत्र्याला झेपत नाही. आधी जवळच्या डॉक्टरकडे शिरेतून सलाईन सुरू करून घ्या, मग हलवा.

ऐरोली_आत्या

डॉक्टर, ही कुत्री माणसांनाही चावत असतील ना? पिसाळण्याचं काय?

डॉ_रवंथ

उलट आहे आत्या. झुंजीच्या वेळी मालक रिंगणातच असतो, कुत्र्याला हाताने धरून मागे ओढतो. मालकाला चावणारं कुत्रं या लोकांना चालत नाही, ते लवकर संपवलं जातं. त्यामुळे बरीच झुंजीतली कुत्री माणसाला शेपूट हलवत चाटायला येतात. "बघा किती गरीब आहे, हा झुंजीतला नाहीच" हा बचाव म्हणून फोल आहे.

चावा बसलाच तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. दंडातली लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. कुत्र्याला लस दिलीय असं मालक म्हणतो यावर विसंबू नका.

आणखी एक आजार फार थोड्यांना माहीत असतो: बबेसिया गिब्सोनी. रक्तातला परजीवी. एरवी गोचिडातून येतो, पण झुंजीतल्या कुत्र्यांत चाव्यातून थेट पसरतो. ताप, पांढऱ्या हिरड्या, गडद लघवी. नेहमीचं बबेसियाचं इंजेक्शन यावर धड चालत नाही, ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन जोडीने दहा दिवस द्यावं लागतं. पीसीआर तपासणीशिवाय अशा कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला चढवू नका.

पाणी_मारा

अवांतर, पण उपयोगाचं. चालू भांडणात गळपट्टा धरायला हात घालू नका, चावे बसतात ते तिथेच. दोन माणसं हवीत. प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय मांड्यांजवळ धरून उचलायचे आणि अर्धवर्तुळात मागे सरकायचं, हातगाडी ओढतात तसं. पकड घट्ट बसलेली असेल तर ओढू नका, मांस फाटतं. पकड सुटायची वाट बघा, मग ओढा. सुटल्यावर दोघांच्या मध्ये दार, पत्रा, प्लायवूड काहीही घाला, नाहीतर लगेच दुसरी फेरी. पाण्याचा पाईप किरकोळ भांडणात चालतो, भिनलेल्या कुत्र्यावर नाही.

घोडबंदरचा_घोडा

त्यापेक्षा भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा ना आधी. रात्री दुचाकीमागे

संपादक

प्रतिसाद अर्धाच ठेवला आहे. भटक्या कुत्र्यांवर, खाऊ घालण्यावर आणि न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशांवर स्वतंत्र धागा आहे, तिथे चारशेच्या वर प्रतिसाद झालेत, अजून एक खपून जाईल. इथे झुंजी.

नकाशातला_माणूस

धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न तसाच पडून आहे. या पट्ट्यात पोलीस, महसूल आणि महापालिका यांच्या हद्दी एकमेकांवर बसत नाहीत, आणि अर्ज "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून इकडून तिकडे फिरतो तो यामुळेच.

ऐरोली ते बेलापूर: जिल्हा ठाणे, पोलीस नवी मुंबई आयुक्तालय, महापालिका नवी मुंबई.
खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा, पनवेल: पोलीस नवी मुंबई आयुक्तालयच, पण जिल्हा रायगड आणि महापालिका पनवेल. म्हणजे गुन्हा इथल्या ठाण्यात, पण जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीसाठी किंवा जिल्हा पशुसंवर्धन विभागासाठी पत्र अलिबागला.
उरण, उलवे: पोलीस नवी मुंबई, जिल्हा रायगड, पनवेल महापालिका नाही.
शीळ, डायघर: ठाणे शहर आयुक्तालय, ठाणे महापालिका. शीळफाट्यावरून तळोज्याकडे निघालात की वाटेत आयुक्तालय बदलतं.
भिवंडी शहर ठाणे आयुक्तालयात, पण पडघा, गणेशपुरी, मुरबाड, शहापूर ठाणे ग्रामीण. गोदामं आणि फार्महाऊस या पट्ट्यात जास्त, तेव्हा हे बघून घ्या. कर्जतचं फार्महाऊस असेल तर रायगड पोलीस.

हद्दीवरून परत पाठवलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात द्यायची सोय त्यात आहे, शून्य क्रमांकाने नोंदवून ते पुढे पाठवतात. ईमेलनेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने घेतलीच नाही तर १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी, आणि तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

दिवा_जंक्शन

चौदा गावांचं राहिलं की हो.

नकाशातला_माणूस

चौदा गावं इतक्या वेळा इकडची तिकडे झाली आहेत की कुत्र्यांनाही आपली महापालिका सांगता येणार नाही. तिथे ठाण्याचं नाव विचारून मगच अर्जावर लिहा.

बाइट_बाय_बाइट

व्हिडिओबद्दल. रील दिसली की लोक आधी "रिपोर्ट" दाबतात. कंपनी ती काढून टाकते, आणि पोलीस विचारतात तेव्हा दाखवायला काही नसतं. क्रम उलटा हवा.

आधी लिंक कॉपी करा. खात्याचं दिसणारं नाव बदलता येतं, म्हणून ॲटच्या चिन्हापुढचं युजरनेम टिपा. स्क्रीन रेकॉर्डिंग करताना आधी फोनचं घड्याळ आणि तारीख दिसू द्या, मग खात्याचं पान, मग रील शेवटपर्यंत, मग कमेंटी. जागा, वेळ, पैसे यांचा उल्लेख बहुतेकदा कमेंटींतच असतो. फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते आणि मूळ माहिती उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो रीसेट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य भरावं लागतं. फाइल जराही बदलली की मूल्य बदलतं. पोलिसांना दिलं की मग खुशाल रिपोर्ट करा.

तारखेचं @काळा_डगला म्हणालेच आहेत. रील अपलोड झाली ती तारीख झुंजीची नसते. मागच्या बॅनरवरचा सण, भिंतीवरचं कॅलेंडर, चिखल की धूळ, यावरून महिना निघतो. तेवढं अर्जात लिहा.

आणि हे फॉरवर्ड करू नका. "जनजागृतीसाठी" पाठवलेल्या प्रत्येक प्रतीतून खात्याला प्रेक्षक मिळतात.

रबाळे_रिटर्न

वेषांतर करून आत जाऊन शूटिंग केलं तर?

दुसरी_बाजू

आत जायचे पैसे मोजलेत की पंचनाम्यात तुमचं नाव प्रेक्षकांत. भरवणाऱ्यांना नवा चेहरा लगेच कळतो, ते वेगळंच. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून दिसतं तेवढं टिपा: गाड्यांचे नंबर, वार आणि वेळ, पिंजरे उतरवले का, प्लायवूडचे पत्रे आणि जुनी सतरंजी आत गेली का. गाळ्याचा नंबर हवा. एमआयडीसीत भूखंड क्रमांक पाटीवर असतो, तो टिपलात तर भाडेकरू आणि मूळ धारक दोन्ही निघतात. (एन) मध्ये "जागा वापरायला देणारा" पकडायचा तो इथून.

वर्दीतला_वाचक

११२ बद्दल (कलम नव्हे, पोलिसांचा आपत्कालीन फोन नंबर) एक व्यावहारिक गोष्ट. चालू झुंजीला ११२ बरोबर. पण त्यावर जवळची बीटची गाडी येते, दोन-तीन अंमलदार. समोर पन्नास माणसं आणि मोकाट सुटलेली कुत्री असतील तर गर्दी पांगते आणि हाती काही लागत नाही. शिवाय १९६० च्या कायद्याच्या कलम ३४ खाली प्राणी ताब्यात घ्यायला शिपायापेक्षा वरचा हुद्दा लागतो. हवालदार चालतो, शिपाई नाही.

पुढची तारीख आधी कळली असेल तर वरिष्ठ निरीक्षक किंवा परिमंडळाच्या उपायुक्तांना बंद पाकिटात लेखी द्या. मग पशुवैद्यक, पिंजरे, पंच आणि वाहन घेऊन जाता येतं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं. पंचनाम्यात "आठ कुत्री" असं मोघम नको. प्रत्येकाला क्रमांक, वजन, चिप असेल तर पंधरा अंकी नंबर, दोन्ही बाजूंचे आणि तोंडाचे फोटो, जखमेशेजारी पट्टी ठेवून. सतरंजीवरचं रक्त वाळवून कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकमध्ये ते कुजतं आणि कलिनाच्या प्रयोगशाळेला उपयोगाचं राहत नाही. इंजेक्शनच्या बाटल्या, औषधांच्या पट्ट्या, सट्ट्याची वही, रोकड, सगळं वेगवेगळं.

जमलं तर अर्जदाराने एवढं करावं: कुत्री ठेवायला तयार असलेल्या संस्थेचं पत्र सोबत जोडावं. जप्तीला टाळाटाळ होते त्यामागे बऱ्याचदा "ठेवायची कुठे?" हाच प्रश्न असतो.

पिंजरा_क्रमांक_नऊ

तिसरा प्रश्न तोच, आणि धाग्यातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो. छाप्याची बातमी होते. कुत्री पुढे कित्येक महिने, कधी वर्षं, मुद्देमाल म्हणून पडून राहतात.

२०१७ चे मुद्देमाल प्राण्यांचे नियम आहेत. खटला चालू असताना प्राणी संस्थेत ठेवायचा आणि खर्चासाठी दंडाधिकारी आरोपीकडून बंधपत्र घेऊ शकतात. तो अर्ज पहिल्याच तारखेला करावा, नाहीतर मालक "माझं कुत्रं परत द्या" म्हणून आधी उभा राहतो. दोषी ठरला तर १९६० च्या कायद्याच्या कलम २९ खाली प्राणी कायमचा काढून घेता येतो.

जागा कशी हवी? एका पिंजऱ्यात एकच कुत्रं. मधली भिंत भरीव, जाळीची नाही, कारण समोरचं कुत्रं दिसत राहिलं तर ही कुत्री खात नाहीत, झोपत नाहीत, जाळी चावून दात मोडतात. दार दुहेरी, आतलं बंद झाल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. बाहेर काढताना एका वेळी एकच, बाकीच्यांच्या कड्या तपासून. दोन माणसं, एक पट्टा आणि एक राखीव. पहिले चौदा दिवस वेगळं ठेवायचं, पार्व्हो आणि डिस्टेंपर या संसर्गजन्य रोगांसाठी. पंचवीस किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे ग्रॅम चांगलं कोरडं खाद्य, दोन वेळा विभागून. हडकुळं आलं असेल तर एकदम पोटभर घालू नका. यावरून आठ-दहा कुत्र्यांचा महिन्याचा हिशेब मांडा आणि मग संस्था "नाही" का म्हणते ते समजून घ्या.

"झुंजीतलं कुत्रं सुधारत नाही, इंजेक्शन देऊन टाका" हे मत इथेही येईल, म्हणून आधीच लिहितो. अमेरिकेत २००७ मध्ये फुटबॉलपटू मायकेल विक याच्या व्हर्जिनियातल्या जागेतून पन्नासच्या आसपास पिटबुल ताब्यात घेतले. तोवर तिथे असा सगळा लॉट मारून टाकायची रीत होती. त्या वेळी न्यायालयाने प्रत्येक कुत्रं वेगळं तपासायला लावलं. बहुतेक वाचली, बरीच घरांत गेली, आणि सर्वांत अवघड वाटलेली बावीस युटामधल्या आश्रयस्थानात. विकला २३ महिन्यांची कैद झाली आणि कुत्र्यांच्या देखभालीसाठी ९ लाख २८ हजार डॉलर भरावे लागले. आपल्याकडच्या पन्नास रुपयांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

सगळी कुत्री दुसऱ्या कुत्र्यांत मिसळत नाहीत, हेही खरं. काहींना जन्मभर एकटं कुत्रं असलेलं घरच लागतं. दत्तक देणाऱ्याने हे लपवलं तर पुढचा अपघात त्याच्या माथी.

शंकासुर

मग पिटबुलवरच बंदी घाला ना. केंद्राने घातली होती की.

नेरुळची_नर्मदा

१२ मार्च २०२४ चं पत्र. तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा असं राज्यांना कळवलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं, आधी सगळ्यांचं ऐकून घ्या म्हणून. जातीवर बंदी घातली की झुंजवाला पुढची जात किंवा संकर शोधतो, आणि आज ज्यांच्या घरात पिटबुल आहे ते तो रात्री पामबीच रोडला सोडून येतात. पैदाशीच्या बाजूने आवळायचं तर २०१७ चे ब्रीडिंगचे नियम आहेत: नोंदणीशिवाय पैदास नाही, आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्री नाही. ते पाळले जातात का, हे आधी बघू.

दुसरी_बाजू

इथे पूर्ण सहमत नाही. नोंदणी करून ब्रीडिंग करणारा झुंजवाल्याला पिल्लू विकत नाही असं कुणी सांगितलं? विक्रीची नोंद तपासायला कोण जातं? पण बंदीने कुत्री रस्त्यावर येतील हे बरोबर.

तळोजा_फेज_टू

सगळ्यांचे आभार. अर्जाचा सांगाडा असा करतोय: आधी जागा (भूखंड आणि गाळा क्रमांक, ताबा कुणाचा), मग दिसलेल्या तारखा आणि वेळा, प्रवेशाचे पैसे आणि सट्टा, गाड्यांचे नंबर, मग कुत्र्यांच्या जखमा, शेवटी कलमं: ११(१)(एन), जोडीला (एम), न्याय संहितेची ११२ आणि ३२५, जुगाराचं १२. सोबत पेनड्राइव्ह आणि संस्थेचं पत्र. प्रत परिमंडळ उपायुक्त आणि अलिबागला. काही राहिलं?

काळा_डगला

पोच घ्या, शिक्का आणि वेळेसकट. कलमं "अशी किंवा तपासात निष्पन्न होतील ती" असं लिहा, म्हणजे एखादं चुकलं तरी अर्ज पडत नाही. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला "आरोपी" म्हणू नका, सोसायटीच्या ग्रुपवर तर नाव टाकूच नका. उलटा बदनामीचा दावा लागतो आणि त्याला सावध व्हायला वेळही मिळतो.

ऐरोली_आत्या

@पिंजरा_क्रमांक_नऊ, आमच्या ओळखीची संस्था विचारतेय: अशी कुत्री हलवताना तोंडाला काय बांधायचं? त्यांच्याकडे कापडी मुसक्या आहेत.

पिंजरा_क्रमांक_नऊ

कापडी नको. कापडात जबडा मिटलेला राहतो, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि त्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः धापांवाटेच बाहेर पडते. मे महिन्यात बंद टेम्पोत तळोज्याहून निघालं तर वाशीला पोचेपर्यंत उष्माघात. टोपलीसारखी मुसकी घ्या, तारेची किंवा कडक प्लॅस्टिकची. आत तोंड पूर्ण उघडलं पाहिजे, नाकाच्या पुढे बोटभर जागा हवी, आणि फटीतून पाणी पिता आलं पाहिजे. माप घेताना तोंड मिटलेलं धरून घेर मोजतात आणि तिथेच मुसकी लहान येते. धापा टाकत असताना मोजा. मानेमागचा पट्टा कातडी असेल तर ओला झाल्यावर सैल होतो, नायलॉनचा बरा. आणि पिंजऱ्यात टाकल्यावर, दार लावल्यावर, मुसकी काढा. एकटं असताना ती तारेत अडकवून घेतात.

ऐरोली_आत्या

कळवते. मध्यम माप वीस किलोच्या पिटबुलला बसेल का?

पिंजरा_क्रमांक_नऊ

वजनावर घेऊ नका आत्या, पिटबुलचा जबडा रुंद असतो. लांबी मध्यम, घेर मोठा. दुकानात रॉटवायलरसाठी ठेवलेली असते ती आधी लावून बघायला सांगा.